खाली आलेली साखर

मुलाने पाना फिरवला, सायकलचं पुढचं चाक सुटून त्याच्या हातात आलं, आणि पायरीवर बसलेल्या बापाच्या काळजातलंही काहीतरी त्याबरोबर निखळलं... कोपराला पट्टी होती, गालावर खरचटल्याची लाल रेघ होती. पण दुखत होतं ते तिथे नव्हे.

"बाबा, असं बघू नका माझ्याकडे," मुलगा मान वर न करता म्हणाला. "फोनवर तो माणूस म्हणाला, एक म्हातारे गृहस्थ रस्त्याच्या कडेला पडलेत, तुमचे कोणी आहेत का. तुमचे कोणी... डॉक्टरांसमोर तुम्हीच कबूल केलंत ना, खिशात गोळ्या ठेवायला विसरलो म्हणून? विसरणाऱ्या माणसाने रस्त्यावर जाऊ नये. सायकल माझ्या मित्राकडे जाईल. विषय संपला."

"बरोबर आहे रे तुझं," बापाने मान डोलावली.

आता या माणसाच्या अंतःकरणात काय दडलं होतं, ते ऐका. तो विसरला नव्हता! छापखान्यात चाळीस वर्षं एकेक अक्षर तपासत उभा राहिलेला माणूस तो, विसरणं त्याच्या रक्तातच नव्हतं. मधुमेह जडला तेव्हा डॉक्टर म्हणाले, चाला नाहीतर सायकल चालवा. त्याने सायकल धरली, आणि साठीनंतर त्याला देवाने जणू दुसरे पाय दिले. दर रविवारी पहाटे पाच म्हातारे निघायचे. हा सगळ्यांत मागे, म्हणून त्याचं नाव पडलं कासवराव. मेहनतीने साखर एकदम उतरली तर हाताशी असाव्यात म्हणून शर्टाच्या मागच्या खिशात ग्लुकोजच्या चार गोळ्या असत. घरी मात्र हे त्याने कधी सांगितलं नाही. साखर उतरूनही माणूस कोसळतो हे कळलं, तर बायको बिचारी शनिवारी रात्रभर झोपायचीच नाही, या मायेपोटी त्याने ते लपवलं... आणि तीच माया त्याला नडली.

कारण बायकोने शर्ट धुवायला घेतला, खिशात गोळ्या सापडल्या, एक जिभेवर ठेवून पाहिली, गोड लागली. बारा वर्षं जिने त्याच्यासाठी स्वतःही गोडाला शिवायचं सोडलं होतं, तिला काय वाटलं असेल! पण ती भांडली नाही. 'चोरून खातात, लाजतील' म्हणून गुपचूप गोळ्या केरात टाकल्या.

त्या रविवारी चढावर साथीदार पुढे निघून गेले. याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, अंगाला दरदरून घाम फुटला. हात खिशात गेला... खिसा रिकामा. कसाबसा घरी फोन लावला. "अगं... साखर खाली आलीय. फार खाली..."

त्या घरात 'साखर खाली आली' यापेक्षा शुभ वर्तमान दुसरं नव्हतं. पलीकडून ती आनंदाने म्हणाली, "खरंच? देव पावला हो. माझ्या कष्टांचं चीज झालं. या लवकर, वाट बघते." त्याला सांगायचं होतं, पण जीभ लुळी पडलेली. आणि कुणी सांगावं, तो आनंद मोडायचं धैर्यही झालं नसेल... फोन गळून पडला आणि पाठोपाठ तोही. एका टेम्पोवाल्याने मुलाला फोन केला, त्याला शुद्धीवर आणलं.

इस्पितळात डॉक्टरांनी मुलादेखत विचारलं, खिशात गोड काही का नव्हतं, तेव्हा ती बाहेर बाकावर जप करत बसली होती. एक वाक्य... 'माझ्या खिशात गोळ्या होत्या, हिने काढल्या.' एवढ्याने सायकल वाचली असती. पण मग तिचं काय उरलं असतं? तो म्हणाला, "विसरलो." आणि मुलाला बजावलं, आईला यातलं काही सांगू नकोस.

मुलाने चाक गाडीत ठेवलं, तोच शिंपीकाका आले, रविवारच्या पाचांतले एक.

"काय कासवराव, गाडीचं बाळंतपण चाललंय काय?" हसता हसता त्यांची नजर पट्टीवर गेली आणि ते ओशाळले. "चुकलंच आमचं, पुढे जायला नको होतं. पण मला एक कळत नाही. तो मागचा खिसा मी शिवलाय, गोळ्या पडू नयेत म्हणून झाकण लावून. मग गोळ्या गेल्या कुठे?"

"काका, चहा घ्या ना," बाप घाईघाईने म्हणाला.

दारात ती उभी होती. "कसल्या गोळ्या?"

"ग्लुकोजच्या, वहिनी. साखर फार खाली गेली की तेवढाच आधार. नाहीतर माणूस जातोच की."

"काका..." बापाने हात जोडले. पण शब्द निघून गेला होता.

तिने दाराची चौकट धरली. सगळं तिच्या चेहऱ्यावर एकेक करून उतरलं... शर्ट, केराचा डबा, फोन. "खाली आलीय म्हणालात... आणि मी देव पावला म्हणाले."

"अगं, मीच विसरलो होतो. हिचं काही ऐकू नकोस रे," बाप मुलाकडे वळून म्हणाला.

"गप्प बसा हो," ती पुटपुटली. "चाक काढ रे गाडीतून. मी टाकल्या त्या. मी."

मुलगा आईकडे पाहत राहिला, मग बापाकडे. "बाबा, बोलला का नाहीत? मी तुम्हाला काय काय बोललो..." त्याने चाक आणून भिंतीला टेकवलं आणि तिथेच खाली बसून लहान पोरासारखा रडू लागला. बापाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला; सायकलकडे मात्र त्याने वळूनही पाहिलं नाही. त्याची नजर स्वयंपाकघराकडे होती.

जेवायची वेळ टळून गेली. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"वाढतेस ना?"

"हात धजत नाही," ती म्हणाली. "बारा वर्षं वाटलं, मी जगवतेय. याच हातांनी..."

"मी लपवलं म्हणून झालं. तुला सांगितलं असतं तर..."

"मला मूर्ख ठेवलंत."

त्याने स्वतःच ताट घेतलं आणि तिच्यापुढे धरून उभा राहिला. कोपर ठणकत होतं, तरी तो हलेना. शेवटी ती वळली, भातात डाव घातला आणि तसाच धरून थांबली.

"किती वाढू?" तिने विचारलं.

बारा वर्षं तीच मोजूनमापून वाढत आली होती, हे तिने कधीच विचारलं नव्हतं. आणि काय सांगावं, ते त्याला काही केल्या सुचेना...