घड्याळजींच्या बायकोच्या गोळ्या

महिन्याचा पहिला सोमवार. औषधवाल्या ताई दुकान उघडून काउंटर पुसत होत्या, तेवढ्यात घड्याळजी आले. कोपऱ्यावरच्या टपरीत बसून आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला मितभाषी माणूस. त्यांनी डॉक्टरांची जुनी चिठ्ठी पुढे केली.

"हिच्या गोळ्या द्या, ताई."

ताईंचा हात थांबला. त्यांच्या बायकोला जाऊन वीस दिवस झाले होते.

रक्तदाबाच्या गोळ्यांऐवजी ताईंनी मधुमेहाच्या दिल्या होत्या. पाकिटं सारखीच, गुलाबी. बाईंनी चार दिवस घेतल्या आणि पाचव्या सकाळी त्या उठल्याच नाहीत. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. चूक कळली ती एकट्या ताईंना, साठा जुळवताना. त्यांनी कुणापाशी ब्र काढला नाही.

"काका, पण काकू तर..."

"संपत आल्यात," घड्याळजी शांतपणे म्हणाले.

ताईंनी नाव तीनतीनदा वाचून बरोबर गोळ्या दिल्या.

पुढच्या महिन्यात ते आले, त्याच्या पुढच्याही. येताना रिकामं पाकीट आणून काउंटरवर ठेवायचे. ताईंची झोप उडाली. म्हातारा गोळ्या साठवून जिवाचं बरंवाईट करून घेणार की काय? की सगळं ठाऊक असून आपल्याला खेळवतोय?

चौथ्या महिन्यात ते फिरकले नाहीत. भर दुपारी ताई स्वतःच पाकीट घेऊन त्यांच्या घरी गेल्या.

"आत उशाशी ठेवा," दार उघडत घड्याळजी म्हणाले.

आतल्या खोलीत एक कॉट, घडी घातलेलं पांघरूण, स्टुलावर पाण्याचा पेला. ताईंनी कॉटखाली पाहिलं, फळीवर हात फिरवला. साठवलेली एकही गोळी नव्हती. दुसरं दार नव्हतं. माणूस नव्हतं.

पाकीट ठेवून त्या बाहेर आल्या.

"काका, खरं सांगा. कोण घेतं या गोळ्या?"

"हल्ली ती लगेच घेत नाही. आधी मला विचारायला लावते."

"काय?"

"ताईंनी या वेळी नीट बघून दिल्यात ना, म्हणून."

"दिल्यात," त्या कशाबशा म्हणाल्या.

घड्याळजींनी आतल्या खोलीकडे मान वळवली.

"बरोबर आहेत गं."

आतून टक् असा बारीक आवाज आला. पाकिटातून गोळी सुटल्याचा.

मग, जरा थांबून, पेला स्टुलावर ठेवल्याचा.