न वाचलेला कागद

जळकोटला एसटीत चढलेल्या माणसानं तेलाच्या नमुन्यांची पेटी सरळ माझ्या मांडीवर ठेवली.

"दोन मिनिटं धरा… तिकीट काढतो."

दोन मिनिटांची उदगीरपर्यंत चाळीस झाली. तो पंचाक्षरी, लातूरच्या एका तेल कंपनीत केमिस्ट.

"तुमचं काम काय?"

"शेअर बाजारातल्या कंपन्यांना प्रत्येक मोठा निर्णय लेखी जाहीर करावा लागतो. ते कागद मी वाचते आणि उद्योगाप्रमाणे कप्प्यात टाकते. सिमेंट, औषधं, खाद्यतेल…"

"म्हणजे मला न विचारता आधीच कप्प्यात टाकलंय की."

मी खिडकीबाहेर बघितलं. हसू लपेना.

मग लातूरला, माझ्या ऑफिसखालच्या टपरीवर, आमचा रोजचा चहा सुरू झाला. एका सोमवारी तो म्हणाला, "नांदेडच्या लॅबनं बोलावलंय. बुधवारपर्यंत कळवायचं हाय. आमच्या कंपनीचं काही नवं?"

"आज एक कागद आलाय. नेहमीचंच."

"मग इथंच राहतो. नांदेडला चहाला सोबत कोण…"

गुरुवारी ऑफिसात आमचे साहेब गुरुपादप्पा सरांनी तोच कागद माझ्यासमोर ठेवला. "अंजू, ही कंपनी आता तेलाची राहिली न्हाई. तू कप्पा बदलला नाहीस."

मी वाचलं. लातूरचा तेल कारखाना मार्चमध्ये बंद. यापुढे तिथं फक्त गोदामं.

मी जिना उतरून टपरीवर गेले आणि त्याला सांगितलं. कप त्याच्या ओठांजवळच थांबला.

"पण… तुम्ही नेहमीचंच म्हणालात."

"हो."

"काल मी नांदेडला नकार कळवला, अंजू. तुम्ही वाचलं नव्हतं का?"

"नाही. कंपनीचं नाव दिसलं, तुम्ही आठवलात… आणि न वाचताच मी तो तेलाच्या कप्प्यात टाकला. चार वर्षांत पहिल्यांदा."

त्याचा राग चढताना मला दिसला. तो रास्तच होता. मग हळूहळू त्याचे कान लाल झाले.

"परवा एकच नमुना मी तीनदा तपासला," तो म्हणाला. "वाटलं, मीच एकटा चुकायलो."

त्यानं नांदेडला फोन लावला. "साहेब, काल न्हाई म्हणलो… चूक माझी."

माझी, म्हणाला. थोडं ऐकून त्यानं फोनवर तळवा धरला. "जागा हाय. सोमवारीच हजर व्हा म्हणायलेत. काय सांगू?"

"हो म्हणा. आणि रविवारी आधी मुखेडला या, माझ्या बाबांना भेटायला."

त्यानं फोन कानाला लावला, पण नजर माझ्यावरच. पलीकडून कुणीतरी "हॅलो… हॅलो…" म्हणत राहिलं.