दोन ठोके म्हणजे सोडा

असत्य बोलणे हा दोष आहेच. परंतु ज्याचा जीव आपल्या हाती आहे, त्याच्यापासून सत्य दडवणे हा मला त्याहूनही जड दोष वाटतो. पुढील घटनेत असे दडवणारे दोघे होते.

त्यांतला एक मी.

घडले ते जसेच्या तसे लिहितो. पदरचा एकही शब्द घातलेला नाही.

सोमवार होता. दुपारचे चार वाजले होते. जागा म्हणजे मोटारींच्या वायरिंगचे काम करणाऱ्या एका मेस्त्रींचे गॅरेज. माझ्या जावयांनी नुकतीच एक जुनी मोटार घेतली होती आणि तिचा मागचा उजवा ब्रेकचा दिवा लागत नव्हता.

मेस्त्रींनी गाडी उलटी ढकलतच आत घेतली. तिथली जमीन मागच्या भिंतीकडे उतरती होती. हँडब्रेक सैल असल्याने त्यांनी मागच्या चाकाखाली लाकडी पाचर सारली. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम हातभर जागा...

तिथे ते उकिडवे बसले.

मला त्यांनी स्टिअरिंगपाशी बसवले होते. शेजारी हवेच्या कॉम्प्रेसरची अखंड घरघर चालली होती.

"गुरुजी, ओरडून काही ऐकू यायचं नाही. मी मागून एक ठोका दिला की ब्रेक दाबा. दोन दिले की सोडा. पाठ झालं?"

"परीक्षा घ्या," मी म्हणालो.

"चुकलात तर बाकावर उभं करीन हं!"

जावई हसत चहा आणायला बाहेर गेले.

ठक्. मी ब्रेक दाबला.

ठक् ठक्. सोडला.

मेस्त्रींनी बल्ब बदलला. फ्यूज तपासला. अर्थिंगची गंजलेली तार घासून पुन्हा बसवली. मला उजव्या बाजूच्या आरशात मागची भिंत दिसत होती. मी ब्रेक दाबला की ती काळीच राही...

आणि सोडला की तांबडी होई.

"उलट्या डोक्याचा आहे हा!" मेस्त्री माझ्या खिडकीशी येऊन ओरडले. "बल्बच काढतो. तुम्ही आता दाबूनच ठेवा!"

मी दाबून ठेवला. ते पुन्हा मागे जाऊन बसले. आरशात त्यांचे दोन्ही हात स्पष्ट दिसत होते. एकात बल्ब, दुसऱ्यात वायर.

भिंत तांबडी झाली.

बल्ब तर त्यांच्या हातात होता...

ठक् ठक्.

सवयीने माझा पाय सैल झाला. गाडी दोन बोटे मागे सरकली. मी घाईने ब्रेक पुन्हा दाबला. चाकाखाली पाचर असताना गाडी सरकली कशी?

सहज शेजारी पाहिले.

पाचर माझ्या शेजारच्या सीटवर होती.

दरवाजा उघडल्याचा आवाज मी ऐकला नव्हता. कोणी आले नव्हते.

ठक् ठक्.

हा आवाज मागून नव्हता... माझ्या पायाखालून होता.

ठक् ठक्. ठक् ठक्. आता त्यात संताप होता.

"मेस्त्री!" माझी हाक त्या घरघरीत विरून गेली. मी हॉर्न दाबला. तोही मुका. मी दुसरा पायही ब्रेकवर ठेवला. तेव्हा तळव्यांना जाणवले... कोणीतरी खालून, सर्व बळाने, पेडल वर रेटत होते.

माझे वय सत्तर. सीटला पाठ टेकून मी होता नव्हता तेवढा जोर लावला.

तेवढ्यात जावई चहा घेऊन दारात आले.

"त्यांना ओढा!" मागे हात दाखवत मी किंचाळलो. "आधी त्यांना ओढा!"

पेले तिथेच फुटले. जावयांनी मेस्त्रींची कॉलर धरून त्यांना बाहेर खेचले आणि त्याच क्षणी माझे दोन्ही पाय उडाले. गाडी भिंतीवर आदळली. जिथे दिव्याची काच फुटली, तिथे क्षणापूर्वी मेस्त्रींची छाती होती.

जावयांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा... विकणाऱ्यानं बजावलं होतं. तो दिवा दुरुस्त करायला कुणाला मागे बसवू नका म्हणाला. मला वाटलं, माणूस चक्रम आहे."

"आणि हे आत्ता सांगताय?" मेस्त्री गरजले. "मागे मी बसलो होतो, साहेब! तुम्ही नाही! न्या ही गाडी. आत्ताच्या आत्ता!"

मग माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले. "गुरुजी, तुमचा पाय होता म्हणून आज मी आहे."

मी तो नमस्कार घेतला. आरशातली भिंत, सीटवरची पाचर, आणि माझा पाय आधी एकदा सैल झाला होता हे... यातले काहीच बोललो नाही.

जावयांनी टॉर्च लावून पेडलखाली पाहिले. काही नव्हते. कोण होते, का होते, मला ठाऊक नाही. पण आजही नुसता खुर्चीत बसलो असताना, भर दुपारी, उजव्या तळव्याला खालून रेटा जाणवतो... आणि मी पाय जमिनीवर घट्ट दाबून धरतो.

मेस्त्री, हे वाचनात आले तर मला क्षमा करा. आपणांस दीर्घायुष्य लाभो. माझ्या जावयांना वेळेवर बोलण्याचे धैर्य लाभो. आणि त्या दुपारी जो कोणी खाली होता, त्याचा क्रोध शांत होवो.