उपासाच्या ट्रेमध्ये गाजर

सकाळी सकाळी कुणी बादली घेऊन दारात उभं राहिलं की माणसाला वाटतं, दूध असेल, फुलं असतील, निदान पाणी तरी मागायला आलं असेल. तिच्या फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाच्या बादलीत गोगलगाई होत्या.

“या तुमच्याच ना?” त्याने बादली पुढे केली. “माझ्या जर्बेराच्या रोपांवर ताव मारत होत्या.”

“माझ्याच कशावरून?”

‘इथे गोगलगाई पाळल्या जातात’ अशी पाटी तिने स्वतःच्या हाताने रंगवून फाटकाला लावली होती, आणि ती पाटी नेमकी दोघांच्या मधोमध लटकत होती. त्याने पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हसला नाही तो. पण हसू ओठांपर्यंत येऊन थांबलेलं तिला स्पष्ट दिसलं, आणि दिवसभर तिला त्या थांबलेल्या हसण्याचाच राग येत राहिला.

तो शेजारच्या रोपवाटिकेचा मालक. नुकताच आलेला. सगळे त्याला रोपवाला म्हणत, आणि त्याच न्यायाने तो तिला पहिल्याच आठवड्यात ‘गोगलगायवाल्या बाई’ म्हणू लागला. बाई! तिचं वय काय, हा बोलतो काय!

तिच्या डोक्याला आधीच ताप कमी नव्हता. बाबांची शेड तिने हट्टाने मागून घेतली होती. चांगली नोकरी सोडून मुलगी हॉटेलांना विकायला गोगलगाई पाळते, हे आत्याला कुणापुढे सांगताना इतकं जड जायचं की ती ‘मत्स्यपालनासारखंच काहीतरी’ असं म्हणून वेळ मारून न्यायची. बाबांनी मात्र स्वच्छ सांगितलं होतं. पहिली काढणी नीट झाली, माल गेला, तर शेड तुझी. नाहीतर शेड भाड्याने जाईल आणि तू परत नोकरीला. त्यामुळे त्या ओलसर, हिरवट वासाच्या शेडमध्ये तिचा जीव अडकला होता. फवारे चालू झाले की आत बारीक पाऊस पडायचा, शेकडो शिंगं एकदम बाहेर यायची, कोबीची पानं कुरतडल्याचा हलका आवाज यायचा… आणि ती सगळं विसरायची.

तिने जाळी तपासली. एका कोपऱ्यात भोक होतं, ते बुजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रोपवाला बादली घेऊन हजर!

“आज एकच आहे,” तो म्हणाला. “पण भारी खमकी आहे.”

तिने वैतागून घरातून लाल नेलपॉलिश आणलं आणि त्या गोगलगाईच्या शंखावर ठिपका दिला. आता बघू, कोण कुठून पळतंय ते. तिने सगळ्या जाळीला नवी किनार शिवली. पुढच्या सकाळी लाल ठिपका बादलीत!

“हिला तुमच्याकडे करमत नाही बहुतेक,” तो म्हणाला.

“तुमच्याकडे काय आहे एवढं?”

“ते तुम्ही येऊन बघा ना एकदा.”

“मला कामं आहेत.”

“मलाही आहेत,” म्हणत तो फाटकाला टेकून उभाच राहिला. तेवढ्यात फाटकालगतचा फवाऱ्याचा एक नळ सटकला आणि दोघंही नखशिखांत भिजले. ती नळावर, शेडवर, एकूण जगावर चिडली. तो चष्मा पुसत म्हणाला, “तुम्ही रागावलात की तुमच्या कपाळावर इथे… एक आठी येते.” बोट हवेतच थांबलं. तिने नळ पुन्हा बसवायला उगाचच फार वेळ लावला.

मग हे रोजचंच झालं. तो यायचा, बादली वाफ्यात उलटी करायचा, दोन शब्द बोलायचा, ओल्या खिशावर हात ठेवून जायचा. एका सकाळी रिकामी बादली धुताना तिला तळाशी केशरी दोऱ्यासारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली. मग तिने बादली घासून लख्ख केली आणि कुणाला काही बोलली नाही.

काढणी जवळ आली. शंखाची कड अंगठ्याला टणक लागली की गोगलगाय तयार. तशा सगळ्या निवडून तिने जाळीच्या ट्रेमध्ये ठेवल्या. आता त्यांना काही दिवस उपास. पोट पूर्ण साफ झाल्याशिवाय त्या ताटात जात नाहीत, हा या धंद्याचा पहिला नियम. माल न्यायला शहरातल्या मोठ्या हॉटेलच्या शेफबाई स्वतः येणार होत्या. आणि नेमका आदल्या दिवशी आत्याचा पाय मुरगळला. तिला दवाखान्यात न्यायचं कुणी? अर्थातच हिने!

“फक्त पाणी शिंपडा,” तिने रोपवाल्याला बजावलं. “बाकी काही करू नका.”

“तुम्ही निर्धास्त जा.”

ती संध्याकाळी परत आली. तिने ट्रे उघडला. स्वच्छ जाळीवर जिकडेतिकडे केशरी दोरे! गोगलगाईच्या पोटात काही लपत नाही. कोबी खाल्ली तर हिरवं, गाजर खाल्लं तर केशरी. आणि तिच्या शेडमध्ये गाजर कधी येतच नव्हतं.

“तुम्ही यांना खायला घातलंत?”

“थोडंसं…” तो चाचरत म्हणाला. “अहो, बिचाऱ्या जाळीला तोंड लावून बसल्या होत्या. मला वाटलं, तुम्ही गडबडीत विसरलात. मग गाजर किसून…”

“किसून! वर किसून!” तिचा आवाज चिरकला. “उद्या माल जायचा होता. सगळा उपास पहिल्यापासून करावा लागणार. तुम्हाला सांगितलं होतं ना, बाकी काही करू नका?”

“उपास असतो हे सांगितलं नव्हतंत.”

हे खरं होतं. त्यामुळे तिला जास्तच राग आला.

त्यात घरी गेल्यावर बाबा सहज बोलून गेले, “शेड सोडावी लागली तर त्या रोपवाल्याला देऊ. आला तेव्हाच विचारून गेलाय तो.”

तिच्या हातातला घास हातातच राहिला. म्हणजे रोजची बादली, फाटकाला टेकणं, ते ओठांवर थांबलेलं हसू… सगळं शेडसाठी? तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच संताप आला. काढणी बुडाल्याचं दुःख तिने एकवेळ गिळलं असतं. हे गिळता येईना.

सकाळी शेफबाई आल्या. धिप्पाड, घाईत, कमरेवर हात. बाबाही येऊन उभे राहिले. रात्री ट्रे धुऊन काढले असते तर कुणाला काही दिसलं नसतं. तिने ते धुतले नव्हते.

“माल आज देता येणार नाही,” ती म्हणाली. “उपास मोडलाय.”

“चूक माझी आहे,” मागून आवाज आला. रोपवाला बादली घेऊन उभा होता. “यांची काही नाही. गाजर मी घातलं.”

“किसून,” ती म्हणाली. राहवलं नाही.

शेफबाईंनी ट्रे बघितला, त्याच्याकडे बघितलं, कपाळावर हात मारला. “उपास पुरा झालाय असं मला सगळेच सांगतात हो. पहिल्या घासाला खोटं कळतं. मोडलाय असं तुम्हीच पहिल्यांदा सांगितलंत.” त्यांनी एक गोगलगाय उचलून कडेवर अंगठा फिरवला आणि मान डोलावली. “माल चांगला आहे. पुढच्या आठवड्यात येते. पण या माणसाला ट्रेपासून लांब ठेवा!”

गाडी गेली. बाबा खाकरले. “पुढच्या आठवड्यात पुन्हा काही घोटाळा झाला, तर मग शेड तुम्हीच घ्या, रोपवाले.”



“नको,” तो म्हणाला. “आलो तेव्हा विचारलं होतं खरं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं शेडमध्ये कोण असतं ते. आता शेड रिकामी झाली तर… मी सकाळी बादली घेऊन कुणाकडे येऊ?”

बाबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. “मी तो नळ बघतो जरा,” म्हणत ते निघून गेले. नळ आपला ठणठणीत होता.

“तुला वाटतं मला काही कळलं नाही?” ती म्हणाली. तुम्हीचा तू कधी झाला ते तिचं तिलाच कळलं नाही. “जाळीला भोक नाही, किनार नवी, आणि ही बया रोज तुझ्या बादलीत! माझ्यासमोर हिला वाफ्यात सोडायचं आणि जाताना गुपचूप खिशात घालायचं. खिसा ओला दिसतो माणसाचा! आणि गाजर… बादलीच्या तळाला किती दिवस दिसतंय मला.”

तो लाल झाला. “मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू यायचा थांबला असतास.”

बोलून गेल्यावर तिची कानशिलं तापली. कपाळावर ती आठी आली असणार, कारण तो तिकडेच बघत होता. या वेळी बोट हवेत थांबलं नाही. त्याने ती आठी अलगद पुसली, आणि तिने ती पुसू दिली.

मग तिने वाकून त्याच्या बादलीतली लाल ठिपक्याची गोगलगाय उचलली. कड टणक होती, उपासाला बसवायच्या रांगेतली. तिने ती ट्रेमध्ये न टाकता त्याच्या तळहातावर ठेवली.

“हिला घेऊन जा,” ती म्हणाली. “आणि उद्या सकाळी वेळेवर परत आण.”