सात नंबरची काढून नेलेली बेल

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटवत बसायची इच्छा नाही.

वार मंगळवार. दुपारचे सव्वाचार. जागा, एका मोठ्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरचा बायकांचा वॉर्ड. खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं. भुतांना अंधार लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

आई जाऊन एकवीस दिवस झाले होते. तिची मुलगी, घरात सगळे तिला धाकटी म्हणतात, आईचे केसपेपर न्यायला आली होती.

पित्ताशयाचं साधं दुर्बिणीचं ऑपरेशन. चार बारीक छेद, तिसऱ्या दिवशी घरी. आत काम करताना गरम हत्याराचा चटका आतड्याला बसला. दुर्बीण बाहेर काढण्याआधी आतड्यावरून एकदा नीट नजर फिरवायची असते. मिनिटा-दोन मिनिटांचं काम.

ते राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी आईचं पोट फुगलं. ती बेल दाबत राहिली. "काकू, गॅस आहे. चाला जरा," सिस्टर म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी बेलच काढून नेली. बाकीच्या पेशंटना त्रास होतो म्हणून.

आणि धाकटीने फोनवर काय सांगितलं? "डॉक्टर म्हणतायत ना आई, गॅस आहे. काढ की थोडी कळ."

चौथ्या दिवशी आई गेली.

त्या मंगळवारी कागदांवर सही हवी होती, म्हणून धाकटी सिस्टरांच्या टेबलापाशी उभी होती.

आणि...

टिंग.

भिंतीवरच्या फलकावर सात नंबरचा, आईच्या खाटेचा, दिवा लागला.

सिस्टरांनी मान वर केली नाही. "वायरिंगचा घोळ आहे. सातला बेलच नाहीये."

"अजून बसवली नाही?"

"सांगून ठेवलंय. बसवतील."

बराच वेळ काहीच नाही. मग...

टिंग टिंग.

धाकटीने फलकाकडे वळून पाहिलं. आई घराच्या दारावरची बेलही अशीच वाजवायची. एकदा दाबायची, खूप वेळ थांबायची, मग घाईघाईने दोनदा. जणू त्रास दिल्याबद्दल माफी मागतेय.

ती चालत सात नंबरपाशी गेली.

खाटेवर एक तरुण बाई होती. गुडघे पोटाशी घेतलेले. कपाळ ओलं. शेजारी तिची सासू कप धरून बसली होती.

"परवा पोटातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून," सासू सांगू लागली. "काल छान बसून बोलत होती. आज बघा. डॉक्टर म्हणाले गॅस आहे, चालवा तिला. ही कसली चालते? आमच्या घरी स्वयंपाकघरात जायलाही रिक्षा मागवेल."

सून हसली नाही. तिला हसवत नव्हतं.

धाकटीने तिचं मनगट धरलं. गार. घड्याळ लावून नाडी मोजली. एकशे अठ्ठावीस.

उशाशी, बेलच्या जागी, चिकटपट्टीखाली वायरची दोन तुटकी टोकं होती.

तरीही वॉर्डच्या त्या टोकाला...

टिंग टिंग.

"माझ्या आईलाही असंच होत होतं," धाकटी म्हणाली. "मी डॉक्टरांना आणते."

डॉक्टर लिफ्टपाशी सापडले. आईचं ऑपरेशन यांनीच केलं होतं, हिचंही यांनीच.

"ऑपरेशनसाठी पोटात भरलेला वायू दोन दिवस त्रास देतोच हो."

"तो रोज कमी होतो की वाढतो?"

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. सात नंबरच्या काकूंची मुलगी. गॅसचं हेच वाक्य तुम्ही मलाही ऐकवलं होतंत. काल बसलेली बाई आज उठू शकत नसेल, तर आतडं शाबूत आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. तिने नाही. तुम्ही लिफ्टमध्ये पाय ठेवलात, तर माझी आई कशी गेली ते मी या सगळ्यांना पहिल्यापासून सांगायला सुरुवात करेन."

संताप आला की धाकटीचा आवाज खाली जातो. इतका की समोरच्याला वाकून ऐकावं लागतं. डॉक्टर वाकले होते.

लिफ्ट आली. रिकामीच गेली.

तासाभरात स्कॅन झाला. संध्याकाळच्या आत पोट उघडलं. आतड्याला मुगाच्या दाण्याएवढं भोक होतं. ते शिवलं, पोट धुऊन काढलं. पोरगी वाचली.

ऑपरेशनला नेताना तिचं स्ट्रेचर वॉर्डाबाहेर पडलं, त्या क्षणी सातचा दिवा विझला होता.

सिस्टरांनी टेबलाचा खण उघडला. आत आईची बेल होती. वायर नीट गुंडाळून, रबर लावून ठेवलेली. "मीच ठेवली होती," त्या म्हणाल्या. खण बंद करायचंही त्यांना सुचेना.

धाकटीला बरं वाटलं असेल असं तुम्हाला वाटेल. तिला राग आला. अजूनही येतो. आई जिवंतपणी तोंडाने बोलत होती, बोटाने बेल दाबत होती, तेव्हा कुणी उठलं नाही. तिची मुलगीसुद्धा नाही. मेल्यावरही त्या बाईलाच उठावं लागलं...

दहा दिवसांनी हॉस्पिटलच्या फाटकाशी सासू भेटली. तिने धाकटीचे दोन्ही हात धरले. "तुमच्या आईंचं दुखणं तुम्हाला माहीत होतं, म्हणून आमची सून वाचली. त्यांना एकदा भेटायचंय मला. कुठे असतात त्या?"

धाकटीने दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांकडे बोट केलं.

"सात नंबरला," ती म्हणाली.