गुड्डीचं पान

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही. नका मानू. पण शहापूरच्या प्रतिक्षानं खुर्चीतून न उठता, डोळ्यांनी काहीही न बघता चोर शोधला. बघणार कशी? जन्मापासून आंधळी. वेबसाइटी तपासणं हा तिचा धंदा. आंधळ्या माणसाला पान ऐकता येतं का, कोडमध्ये चूक आहे का, कुठली लिंक तुटली, हे ती कानानं हुडकते. तिचा कॉम्प्युटर इतका भरभर बोलतो, की शेजारच्या कोंबड्या अंडी द्यायला विसरतात.

सोमवारी सकाळी फोन वाजला.

"बाई, माही गुड्डी सापडून नाही राहिली."

"किती वर्षांची?"

"नऊ."

"कुठून हरवली?"

"मोबाईलातून."

फोन कुंताबाईचा होता. तिचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. पुनर्वसनाच्या नव्या वस्तीतल्या अंकुशनं त्या गावाची वेबसाइट केली. सर्व्हेवाल्यांनी काढलेला एकेका घराचा फोटो, एकेका घराला एक पान. कुंताबाईला मोतीबिंदूनं दिसत नसे, म्हणून फोटोचं वर्णन मोबाईल तिला वाचून दाखवी.

सर्व्हे झाला त्याच साली तिची गुड्डी तापानं गेली. घरात पोरीचा एकही फोटो नाही. होतं ते एवढंच पान. कुंताबाई ते रोज ऐके.

प्रतिक्षानं साइट तपासली. अठ्ठेचाळीस घरं. सत्तेचाळीस उघडली. एकाच लिंकमध्ये एक अक्षर बदललेलं. तिनं ते दुरुस्त केलं. मंगळवारी लिंक पुन्हा तुटली. बुधवारी पुन्हा.

चूक एवढी चिकाटी धरत नाही. हे कोणाचं तरी काम होतं.

पासवर्ड दोघांकडे. एक अंकुश. दुसरे मधुकरराव, कुंताबाईचे यजमान, निवृत्त गुरुजी. साइटचं शुद्धलेखन ते तपासत.

"अंकुश, लिंक तू तोडली?"

"मी कायले तोडू, ताई? साइट माहीच आहे."

"त्या फोटोत दारात कोण आहे, सांग."

"कोणीच नाही. दाराले कुलूप आहे."

प्रतिक्षानं त्या पानाची जुनी प्रत काढून पुन्हा ऐकली. 'दारात नऊ वर्षांची मुलगी हसत उभी आहे. डाव्या वेणीची लाल फीत सुटली आहे.'

"हे कोणी लिहिलं?"

"माहीत नाही, ताई. मी फक्त फोटो टाकले."

मग गुरुजींना फोन.

"गुरुजी, लिंक कोण तोडत असेल?"

"मले काय समजते त्यातलं, पोरी? धरणातली मरळ वायर कुरतडत असंल."

"कुंताआजीच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी?"

"गुरुवारी. भंडाऱ्याले."

"तारीख कधी मिळाली?"

"रविवारी," गुरुजी म्हणाले.

प्रतिक्षानं हेडफोन काढला.

"ज्यानं वर्णन लिहिलं, त्यानंच लिंक तोडली," ती फोनवर गुरुजींना म्हणाली. "दिसत नसलेल्या आईला लेक भेटावी, म्हणून त्यानं रिकाम्या दारात पोरगी उभी केली. आता आईला दिसणार. ती पान उघडणार आणि कुलूप बघणार. रविवारी तारीख ठरली, सोमवारी पान गेलं. त्याला पान मिटवायचं असतं, तर कधीच मिटवलं असतं. पण फीत सुटलेली ती पोरगी त्याच्याच्यानं पुसवली नाही. त्यानं फक्त वाट बंद केली."

आणि तो चोर कोण? अंकुश! ढसाढसा रडला बिचारा, पाय धरले त्यानं. झाली गोष्ट. चहा आणा आता.

एवढ्यात बाजेवरून, ऑपरेशनचा काळा चष्मा लावून बसलेली कुंताबाई बोलली.

"गुड्डीचे बाबा, खोटं बोलून राहिले तुमी. अंकुश तवा पाळण्यात होता. त्याले फीत कोठून माहीत? आन् सर्व्हेवाले आले त्या दिवशी गुड्डी माह्यासंग धानाच्या बांधीत रोवणा लावून राहिली होती. घराले कुलूप मीच लावलं होतं. पहिल्याच दिवशी समजलं मले, का हे लिवणारे तुमीच. जगाच्या गोष्टी सांगता, पण पोरगी गेल्यापासून तिचं नाव नाही काढलं तुमी. त्या पानावर काढलं. म्हून रोज ऐकत होती मी. जोडा ते पान."