अर्धी मात्रा आधी

थरवेध नावाचं ते यंत्र मिरजेच्या गायनसंग्रहालयात आलं, तेव्हा तिथे काम करणारी हेमांगी तेरदाळकर फार खूश झाली होती. जुन्या ध्वनिफितींतले आवाज ते कांद्याचे पापुद्रे काढावेत तसे वेगळे करी. एका जुन्या मैफलीच्या फितीतून तिने तबला काढला, पेटी काढली, तानपुरा काढला. शेवटी तिच्या गुरूंचा, त्र्यंबकबुवा कोडोलीकरांचा आवाजही काढला. आता खाली काही उरायला नको होतं.

उरली एक बाई. ती कुजबुजत बंदिशीचे शब्द सांगत होती, बुवांच्या अर्धी मात्रा आधी.

हेमांगीने जेवणाचा डबा तसाच टाकून बुवांना बोलावून घेतलं. एक्क्याऐंशी वर्षांच्या बुवांनी हेडफोन लावले आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अक्का. माझी थोरली बहीण. तू पाहिलीस तिला, मागे तानपुऱ्यावर बसायची."

"तुम्ही शब्द विसरायचात म्हणून?"

"विसरायला आधी माहीत असावे लागतात, हेमा. बंदिशी तिच्या. बसल्या जागी बांधायची. विधवा बाईचं नाव कोण घेणार, असं मीच तिला समजावलं, आणि माझं लावलं." मग ते म्हणाले, "रविवारी माझ्या साठ बंदिशींचं पुस्तक निघतंय. तेवढा थर पुसून टाक, बाळ."

हेमांगीला भयंकर राग आला. वीस वर्षं या बंदिशींआधी बुवांचं नाव घेऊन तिने कानाची पाळी धरली होती.

"यंत्रही चुकत असेल," ती कोरडेपणाने म्हणाली. "आत्ता गा. अक्कांना जाऊन चौदा वर्षं झाली. यंत्र खरं असेल तर खाली काही निघणार नाही."

बुवांनी मायक्रोफोनसमोर तीच बंदिश धरली. हेमांगीने त्यांचा आवाज काढला. खाली अक्का होती, अर्धी मात्रा आधी.

हेमांगीने खूण केली तसे बुवा थांबले. अक्का थांबली नाही. तिने नवीच बंदिश सुरू केली; साठांपैकी एकही नव्हती ती.

हेमांगीने स्पीकर लावला. बुवांनी ऐकलं, डोळे पुसले आणि मागोमाग गाऊ लागले. मध्येच म्हणाले, "उतरवून घे. आणि साठांवरचं माझं नाव काढ. तिचं घाल."

हेमांगीने वही ओढली. साठांवर अक्कांचं नाव घालायला ती एका पायावर तयार होती. पण ही एकसष्टावी बंदिश आज, भर दुपारी, तिच्यादेखत बांधली जात होती. बांधणारी तर चौदा वर्षांपूर्वीच गेलेली; मग या बंदिशीवर कुणाचं नाव घालायचं?